वाचक विचारतात : घोड्याचं मांस, कुणाला वर्ज्य तर कुणाला मेजवानी

मांसाहाराच्या चालीरीतींवर येणाऱ्या पत्रांत घोड्याच्या मांसाबद्दल विचारणारी पत्रं बरीच असतात. काही कुतूहलानं लिहिलेली, काही रागानं, काही परदेशी निघालेल्या वाचकांची. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मी सगळं मांस आवडीनं खातो. पण मेन्यूकार्डवर घोड्याचं मांस दिसलं आणि पोटात ढवळून आलं. कोंबडी चालते, मेंढी चालते, मग घोडाच का नको वाटतो? हे नुसते मनाचे खेळ आहेत का?

ढवळून येणं खरंच असतं, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त त्याचं कारण मांसात सापडत नाही. १०० ग्रॅम कच्च्या घोड्याच्या मांसात साधारण २१ ग्रॅम प्रथिनं, साडेचार ग्रॅमच्या आसपास चरबी आणि पावणेचार मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे कमी चरबीचं, भरपूर लोह असलेलं लाल मांस. कशाचं आहे हे न सांगता मसाल्यात शिजवून वाढलं, तर बहुतेक जण ते बीफ समजून खातात.

खरं कारण आहे घोड्याशी असलेल्या नात्यात. शेती करून एका जागी राहणाऱ्या बहुतेक समाजांत घोडा म्हणजे वाहन, लढाईतला सोबती, मालकाची शान. त्याला नाव असायचं. ज्याला नावानं हाक मारली त्याच्यावर सुरी चालवायला मन धजत नाही.

याला हिशेबाचीही एक बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. गाय, मेंढी रवंथ करतात, त्यामुळे गवतातला कस त्या पुरेपूर काढून घेतात. घोड्याचं पचन वेगळं. गवत आंबतं ते पोटात नव्हे, तर मागच्या मोठ्या आतड्यात, आणि चारा पोटातून भराभर पुढे सरकतो. तेवढंच वजन धरायला त्याला जास्त चरावं लागतं. मांसासाठी घोडा पाळणं हा शेतकऱ्याला आतबट्ट्याचा व्यवहार होता. त्याची किंमत होती ती ताकदीची आणि वेगाची.

मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवर मात्र हाच हिशेब उलटा होतो. तिथे हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते. घोडा खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खातो. गाईला ते नीट जमत नाही आणि मेंढ्या घोड्यांनी उकरलेल्या जागेवर मागाहून चरतात. अशा मुलखात हिवाळा निभावणारं जनावर घोडाच, म्हणून हिवाळ्याचं मांसही घोड्याचंच. कझाख लोकांइतकं घोड्यावर जीव टाकणारे लोक क्वचितच सापडतील, आणि घोड्याचं मांस तिथे मानाचं अन्न आहे. शर्यतीचा किंवा बसण्याचा घोडा वेगळा आणि खाण्यासाठी राखलेला कळप वेगळा, हा भेद तिथल्या पोरांनाही माहीत असतो.

दुसऱ्या टोकाला युरोपातला रोमा हा भटका समाज. पिढ्यानपिढ्या घोड्यांच्या व्यापारावर जगलेल्या त्यांच्या अनेक गटांत घोड्याचं मांस खाणं हा मोठा विटाळ समजला जातो. दोघांचाही जीव घोड्यात गुंतलेला, आणि ताटाचा नियम मात्र एकदम विरुद्ध. त्यामुळे तुमची किळस तुम्ही खुशाल बाळगा. ‘घोड्यावर माया असेल तो घोडा खाणारच नाही’ हे विधान मात्र खरं नाही.

प्रश्न : कुठल्या धर्मात मनाई आहे आणि कुठल्यात नाही? एका जागी माहिती मिळत नाही.

ज्यू धर्मात स्पष्ट मनाई आहे. खाण्यायोग्य जनावराला दुभंगलेले खूर हवेत आणि ते रवंथ करणारं हवं. घोड्याकडे दोन्ही नाही.

इस्लाममध्ये मतं वेगळी आहेत. अरबस्तानातल्या खैबरच्या लढाईच्या वेळी प्रेषित मुहम्मदांनी पाळीव गाढवाचं मांस निषिद्ध ठरवलं आणि घोड्याच्या मांसाला परवानगी दिली, अशी हदीस आहे. तिच्या आधारे शाफई आणि हंबली या धर्मशास्त्राच्या परंपरा ते हलाल मानतात. इमाम अबू हनिफा यांनी ते मकरूह, म्हणजे टाळावं असं, ठरवलं. घोडे, खेचरं आणि गाढवं स्वारीसाठी आणि शोभेसाठी निर्माण केली, अशा अर्थाची कुराणातली आयत त्यासाठी दाखवली जाते. शिवाय घोडा हे लढाईचं साधन, ते खाऊन संपवू नये, हाही विचार त्यामागे आहे. मालिकी परंपरेचा कलही नकाराकडेच आहे. गंमत अशी, की कझाख लोक बहुतांशी हनफी, म्हणजे अबू हनिफांच्याच परंपरेतले, आहेत. तिथे रूढीनं वाट काढली.

बौद्ध भिक्षूंसाठी विनयात, म्हणजे त्यांच्या आचारनियमांत, दहा प्रकारची मांसं वर्ज्य सांगितली आहेत आणि घोडा त्यांत आहे. त्यामागचं कारण मुद्दाम पाहण्यासारखं आहे. दुष्काळात लोक हत्ती-घोड्यांचं मांस खात होते, तेच भिक्षूंच्या पात्रात पडू लागलं. हत्ती आणि घोडे ही राजाची चिन्हं. भिक्षू ती खातात हे राजाच्या कानावर गेलं तर तो नाराज होईल, असं लोक बोलू लागले, आणि मनाई झाली.

ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या नव्या करारात घोड्याच्या मांसावर बंदी नाही. बंदी आली ती चर्चकडून. ७३२च्या सुमारास पोप ग्रेगरी तिसरा यांनी जर्मन मुलखात धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेसला पत्र लिहून ही प्रथा मोडून काढायला सांगितलं, कारण जुन्या देवतांना घोड्याचा बळी देऊन ते मांस खाण्याची तिथे चाल होती. आइसलँडनं इसवी सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोड्याचं मांस खाण्याची सवलत मागून घेतली होती. ती थोड्याच वर्षांत काढून घेतली गेली. आज मात्र आइसलँडमध्ये ते उघडपणे विकलं जातं.

प्रश्न : फ्रान्समध्ये दुकानं आणि शेजारच्या ब्रिटनमध्ये नाव काढलं तरी संताप. एवढा फरक कशानं पडला?

कायद्यानं नाही. ब्रिटनमध्येही ते विकायला बंदी नाही, खाणारे नाहीत एवढंच.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात ही सवय ठरवून लावली गेली. शहरं वाढत होती, गरिबाच्या ताटात मांस नव्हतं आणि म्हातारे घोडे रस्त्यात कोसळेपर्यंत राबवले जात होते. प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रुआ सेंत-इलेर आणि लष्करी पशुवैद्य एमिल देक्रुआ यांनी प्रचार केला, जाहीर मेजवान्या झाल्या आणि १८६६ साली विक्री कायदेशीर ठरली. देक्रुआंचा युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे : म्हाताऱ्या घोड्याला मांस म्हणून किंमत आली, तर मालक त्याला हाडं वर येईपर्यंत राबवणार नाही, बऱ्या अवस्थेतच विकेल. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि श्रीमंतांच्या ताटातही घोडा आला.

घोड्याचं मांस विकणारा खाटीक वेगळा आणि इतर मांस विकणारा वेगळा, असा नियम होता. दारावर सोनेरी रंगाचं घोड्याचं डोकं लावलेलं असे. आता अशी दुकानं फार थोडी उरली आहेत. तरुण फ्रेंच पिढीसाठी घोडा हा पागेत जाऊन रपेट करायचा प्राणी झाला आहे.

प्रश्न : कामानिमित्त इटलीत आहे. सहकाऱ्यानं घोड्याच्या मांसाचा तुकडा आणून दिला. तव्यावर परतला तर चामड्यासारखा झाला. काय चुकलं?

जास्त शिजला. या मांसात आतून चरबीचे धागे जवळपास नसतात. बीफचा तुकडा दोन मिनिटं जास्त राहिला तर आतली चरबी त्याला सांभाळून घेते. इथे सांभाळणारं काही नाही, पाणी निघून जातं आणि तंतू आवळतात.

पुन्हा कराल तेव्हा जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर ठेवा. तुकडा अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा आणि कागदानं पुसून अगदी कोरडा करा, ओला राहिला तर भाजण्याऐवजी वाफवला जातो. जाड बुडाचा तवा चांगला तापू द्या, तेल घाला, प्रत्येक बाजू दीड ते दोन मिनिटं भाजा. मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी घाला. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि धाग्यांना आडवं कापा.

असा आतून लालसर राहणारा तुकडा खायचा, तर मांस तपासणी झालेल्या ठिकाणचंच हवं. घोड्यातून ट्रिचिनेला नावाचा गोल कृमी माणसात येऊ शकतो; १९७५ पासून फ्रान्स आणि इटलीत कच्च्या किंवा अर्धकच्च्या घोड्याच्या मांसानं त्याच्या मोठ्या साथी येऊन गेल्या आहेत. म्हणूनच युरोपीय संघात कापलेल्या प्रत्येक घोड्याच्या जिभेचा किंवा जबड्याच्या स्नायूचा नमुना या कृमीसाठी तपासतात. मांस कुठून आलं हे सांगता येत नसेल, तर आतलं तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत गेलंच पाहिजे, आणि त्यासाठी तवा सोडून पातेलं घ्या. ट्रिचिनेलाच्या बाबतीत फ्रीजरवर विसंबू नका. घोड्याच्या स्नायूत तो गोठूनही कित्येक आठवडे तग धरतो.

पातेल्यासाठी खांद्याचा किंवा मानेचा भाग मागा. चार-चार सेंटिमीटरचे तुकडे, आधी मोठ्या आचेवर तांबूस परतून, मग बुडतील एवढ्या रश्श्यात किंवा वाइनमध्ये अडीच ते तीन तास अगदी मंद आचेवर. व्हेरोनाची ‘पास्तिस्साडा दे कावाल’ याच रीतीची : भरपूर कांदा, लवंग, दालचिनी, तिथलीच लाल वाइन, आणि मांस सुटून येईपर्यंतचा धीर. चव किंचित गोडसर लागली तर बिचकू नका. घोड्याच्या स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त असतं, त्याचा तो गोडवा. जर्मनीच्या ऱ्हाइन भागात हे मांस व्हिनेगरमध्ये काही दिवस मुरवतात, तिथल्या गोड-आंबट चवीला तो गोडवा उलट पोषक ठरतो.

साठवणीचं तेवढं सांभाळा. मांस हवेत चटकन काळवंडतं, कारण त्यात मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं प्रथिन, जास्त आहे. नुसता रंग गडद झाला म्हणजे नासलं असं नाही, वास आणि बुळबुळीतपणा पाहा. चरबी पिवळसर, मऊ आणि लवकर खवट होणारी असते, म्हणून चरबीचा भाग फ्रीजरमध्येही दोन-तीन महिन्यांपलीकडे ठेवू नये. खिमा तयार घेऊ नका, समोर करून घ्या आणि त्याच दिवशी वापरा.

प्रश्न : कझाख ‘काझी’बद्दल वाचलं. ते सॉसेज आहे का? कसं करतात?

सॉसेज म्हटलं की खिमा डोळ्यांसमोर येतो. काझीत खिमा नसतो. घोड्याच्या बरगडीवरचं मांस त्याच्या चरबीसकट लांब पट्टीनं सोडवतात आणि ती पट्टी अख्खी आतड्यात सरकवतात. कापल्यावर प्रत्येक चकतीत गडद मांस आणि पिवळट चरबी शेजारी-शेजारी दिसली पाहिजे. चरबीची जाडी बोटांनी मोजायची रीत आहे. चार बोटं चरबीची काझी म्हणजे जनावर उत्तम पोसलेलं, असा तिचा मान.

हे काम मुख्यतः सोगिमच्या दिवसांतलं. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पक्की पडली की हिवाळ्यासाठी जनावर कापतात, त्याला सोगिम म्हणतात. थंडी आधी हवी, कारण एवढं मांस ती नैसर्गिकरीत्या टिकवते. लवकर कापलं आणि मध्येच ऊब आली, तर सगळंच धोक्यात. जवळच्या नातलगांचा आणि मानाच्या पाहुण्यांचा वाटा, ‘सिबागा’, आधीच बाजूला काढून ठेवतात. पाहुणा महिन्यांनी आला तरी तो त्याचाच.

आतडं उलटं करून कोमट आणि मग मिठाच्या पाण्यानं वास जाईपर्यंत धुतात, पण आतली चरबी खरवडून टाकत नाहीत. सुकवायच्या काझीला किलोमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, वर मिरी आणि ठेचलेला लसूण. उझ्बेक लोक जिरंही घालतात. मीठ चोळून मांस थंड जागी रात्रभर ठेवायचं, मग पट्ट्या भरायच्या आणि दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायची. लगेच खायची असेल तर मीठ निम्म्यावर आणा. नाहीतर वाऱ्याला टांगून सुकवतात किंवा धुरी देतात.

उकडताना सगळ्यात जास्त काझ्या बिघडतात. गरम पाण्यात टाकली, की आतडं एकदम आवळतं आणि फाटतं. म्हणून थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवा, फेस काढा, उकळी आली की सुईनं चार-पाच ठिकाणी टोचा आणि पाणी नुसतं हलत राहील एवढ्याच आचेवर दोन तास ठेवा. टोचलं नाही तर वाफेनं फुटते; फार ठिकाणी टोचलं तर सगळी चरबी पाण्यात उतरते आणि काझी कोरडी होते. बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, चरबी वाहून जाईल. निवल्यावर सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करा, वर कच्च्या कांद्याची कडी.

‘शुझिक’ याच घराण्यातलं, पण त्यात मांस आणि चरबीचे तुकडे मिसळलेले असतात. ‘कार्ता’ म्हणजे मोठं आतडं चरबी आत राहील असं उलटवून उकडलेलं. ‘झाल’ आयाळीखालची चरबी आणि ‘झाया’ मागच्या पुठ्ठ्याचं मांस.

प्रश्न : कझाखस्तानला पाहुणी म्हणून जाणार आहे आणि मला घोड्याचं मांस खायचं नाही. वरच्या चकत्या बाजूला सारून बाकीचं खाल्लं तर चालेल ना?

बेशबारमाकमध्ये, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या पानांवर मांस मांडून वाढतात त्या कझाख पदार्थात, तसं होत नाही. खालची पिठाची पानं त्याच मांसाच्या पाण्यात उकडतात आणि जेवणानंतर वाटीतून मिळणारा ‘सोर्पा’ हा त्याच पातेल्यातला रस्सा. नुसत्या किळशीपुरता प्रश्न असेल तर चकत्या बाजूला करून भागेल. धर्माचा किंवा व्रताचा असेल तर भागणार नाही.

म्हणून निमंत्रण मिळालं की लगेच कळवा, ताटावर बसल्यावर नाही. बेशबारमाक मेंढीचं किंवा गाईचंही करतात. पूर्ण शाकाहारी असाल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘मांस थोडंच आहे’ म्हणून वाढतील. कारण एका वाक्यात सांगा आणि विषय तिथेच सोडा. ‘तुम्ही घोडा कसा खाता?’ हा प्रश्न कुतूहलानं विचारला तरी यजमानाला बोचतो. पाव आणि चहा मनापासून घ्या, तो त्या घराचा पाहुणचारच आहे. कुमिसबद्दल सावध करतो : ते घोडीचं आंबवलेलं दूध असतं, मांस नसतं, पण त्यात थोडं अल्कोहोल असतं.

प्रश्न : जपानमध्ये हे मांस कच्चं खातात. ते आजारी कसे पडत नाहीत?

पडायचे. कुमामोतो प्रांत ‘बासाशी’साठी प्रसिद्ध आहे : घोड्याच्या मांसाचे पातळ काप, गोडसर सोया सॉस, किसलेलं आलं किंवा लसूण, सोबत आयाळीखालच्या चरबीचे पांढरे शुभ्र काप. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब होण्याच्या घटना वाढल्या. शोध घेतल्यावर सार्कोसिस्टिस फायेरी हा परजीवी सापडला. कुत्र्याच्या विष्ठेतून तो चाऱ्यावर येतो आणि घोड्याच्या स्नायूत गाठी करून राहतो.

त्यावर जपान सरकारनं गोठवण्याचे निकष दिले. मांसाच्या मध्यभागी उणे २० अंश असेल तर किमान ४८ तास, उणे ३० ला ३६ तास, उणे ४० ला १८ तास. मोजणी मध्यभाग त्या तापमानाला पोचल्यावर सुरू होते, फ्रीजरचं दार लावल्यावर नाही. घरचा फ्रीजर सहसा उणे १८ वर चालतो, त्यामुळे घरी गोठवून बासाशी करू नये. गोठवल्यानं जिवाणू मरत नाहीत. गर्भवती स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनी कच्चं मांस टाळलेलंच बरं.

प्रश्न : युरोपात बीफमध्ये घोड्याचं मांस सापडलं तेव्हा एवढा गदारोळ का झाला? मांस तर खाण्यायोग्यच होतं.

खाण्यायोग्य होतं हे कुणाला ठाऊक होतं? खरा मुद्दा हाच आहे. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले. १० मध्ये घोड्याचा डीएनए निघाला आणि एका बर्गरमध्ये तर घोड्याचं मांस २९ टक्के. पुढे तयार लझान्यात बीफच्या जागी सगळं घोड्याचंच मांस सापडलं. त्या लझान्याचं मांस रुमानियातल्या कत्तलखान्यातून घोड्याचं म्हणूनच, योग्य कागदांसह निघालं होतं. दलालांच्या साखळीत पुढे कुठेतरी लेबल बदललं, कारण घोड्याचं मांस स्वस्त आणि बीफ महाग.

आणि जिथे कागद खोटे तिथे औषधांचा हिशेबही खोटा. घोड्यांच्या दुखण्यावर फेनिलब्युटाझोन सर्रास देतात. माणसात ते क्वचित, पण अस्थिमज्जेला गंभीर इजा करू शकतं, म्हणून एकदा ते दिलेला घोडा युरोपात अन्नासाठी कायमचा बाद होतो आणि तशी नोंद त्याच्या पासपोर्टात, म्हणजे घोड्याच्या ओळखपत्रात, होते. त्या वेळच्या मांसातला अंश अत्यल्प होता. औषधाच्या मात्रेइतकं पोटात जायला रोज पाचशे-सहाशे बर्गर खावे लागले असते, असं इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं. तरीही लोकांचा संताप रास्तच होता. ज्यानं आयुष्यभर एखादी गोष्ट खायची नाही असं ठरवलं, त्याला ती फसवून खाऊ घातली गेली.

प्रश्न : घोड्यांची कत्तल बंद केली तर घोडे सुखी होतील ना?

अमेरिकेचा अनुभव तसा नाही. तिथले शेवटचे तीन कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. नको असलेले घोडे नाहीसे झाले नाहीत, ते ट्रकमधून कॅनडा आणि मेक्सिकोला जाऊ लागले. प्रवास लांबला आणि हालही वाढले. बंदी हवी असेल तर म्हाताऱ्या घोड्याला सांभाळण्याची, किंवा वेदना न देता मारण्याची आणि त्याच्या खर्चाची सोय सोबत हवी. नुसतं दार बंद केलं तर त्रास दुसऱ्या देशात जातो.

प्रश्न : प्रवासात टाळायचं असेल तर मेन्यूवर काय वाचायचं?

फ्रेंचमध्ये ‘शव्हाल’ किंवा ‘शव्हालीन’, इटालियनमध्ये ‘कावाल्लो’ आणि ‘एक्विनो’, जर्मनमध्ये ‘फेर्ड’, डचमध्ये ‘पार्ड’, रशियनमध्ये ‘कोनिना’, जपानमध्ये ‘बासाशी’ आणि ‘साकुरा-निकू’. शिंगरूचं मांस वेगळ्या नावानं येतं : इटलीत ‘पुलेद्रो’, फ्रान्समध्ये ‘पुलॅं’, स्पेनमध्ये ‘पोत्रो’. पादुआकडे सॅलडवर लाल धाग्यांसारखं काही पसरलेलं दिसलं, तर ते ‘स्फिलाच्ची’, म्हणजे खारवून धुरी दिलेलं घोड्याचं मांस, असू शकतं. नेदरलँड्समध्ये पावावर घालायच्या पातळ धुरी दिलेल्या कापांतही ते असतं. पाकीटबंद मालावर प्राण्याचं नाव घटकांच्या यादीत असतं. सुट्या सलामीबद्दल मात्र दुकानदाराला विचारा, आणि वर लिहिलेला शब्द मोबाइलवर त्याला दाखवा.